नाव बदलण्याआधी नाव ऐका
पाड्यावरच्या नावांचा एक अभ्यास

शास्त्रपाठ : उत्पत्ती ३५:१६-१८, दानीएल १:३-७, रोमकरांस पत्र १६:१-१६



आपल्या घरांत बाळ जन्मले की नावासाठी पवित्र शास्त्र उघडले जाते. कोणी शमुवेल सुचवतो, कोणी रूथ, कोणी एस्तेर. आजोबांचे नाव पुढे चालावे अशीही कोणाची इच्छा असते. शेवटी जे नाव ठरते त्यात त्या घराची श्रद्धा, आठवण आणि आशा असते. सातपुड्यातल्या पाड्यावर ठेवलेल्या नावातही हेच सारे असते. पण ते आपल्या कानांना कळत नाही. मलाही बरीच वर्षे कळले नव्हते, आणि त्याची किंमत एका मुलाने मोजली. ती हकिगत आधी सांगतो, मग अभ्यासाकडे वळू.

सुमारे वीस वर्षांपूर्वीची गोष्ट. धर्मशिक्षणाचा डिप्लोमा हाती घेऊन मी नुकताच सेवेत आलो होतो. एका वसतिगृहात मुलांच्या प्रवेशाचे काम माझ्याकडे होते. जूनमध्ये डोंगरातून एक पावरा बाप आपल्या सहा-सात वर्षांच्या मुलाला घेऊन आला. मुलाचे नाव इथे देत नाही, पण ते बुधवारावरून पडलेले होते. मला ते ओबडधोबड वाटले. शाळेत मुले चिडवतील, असे मीच ठरवले. बापाला न विचारता रजिस्टरात शास्त्रातले एक सुंदर नाव लिहिले आणि चांगले काम केल्याच्या समाधानात वही मिटली.

श्रावणात तो बाप पुन्हा आला, भाजलेली मक्याची कणसे फडक्यात बांधून. फाटकाशी त्याने मुलाचे नाव सांगितले. तिथल्या मुलांनी सांगितले, "या नावाचा कोणी इथे नाही." मी त्या दिवशी गावाला गेलो होतो. दोन महिन्यांपूर्वी ज्याच्या हाती आपला मुलगा दिला, तो माणूस समोर नाही आणि मुलगाही नाही म्हणतात, हे ऐकून तो बाप फाटकाबाहेर बसून राहिला. मुलगा मागच्या मैदानावर खेळत होता. संध्याकाळी घंटा झाली, मुले ओळीने आत येऊ लागली, तेव्हा बापाने त्याला पाहिले.

रात्री परतल्यावर मला हे कळले. मी हसून म्हणालो, "नवीन नाव सांगून ठेवायला हवे होते." चूक काय झाली हे तेव्हाही माझ्या लक्षात आले नाही.

१. नाव म्हणजे जन्माची नोंद

सातपुड्यातल्या भिल्ल आणि पावरा पाड्यांवर जुन्या माणसांची नावे ऐका. दित्या, सोम्या, मंगळ्या, बुध्या, सुकऱ्या, थावऱ्या. बायकांत सोमी, मंगळी, बुधी, थावरी. दितवार म्हणजे रविवार आणि थावर म्हणजे शनिवार, हे कळले की सारा आठवडा समोर उभा राहतो. होळीच्या दिवसांत जन्मला तो होळ्या, अमावस्येचा तो आमश्या. मूल कधी आले, तेव्हा आभाळात काय होते, पाड्यावर कोणता सण होता, हे नावातच साठवलेले असते.

आता याच माणसांचे शाळेचे दाखले पाहा. निम्म्या वर्गाची जन्मतारीख १ जून असते. गुरुजींना तारीख हवी होती आणि आईबापांना ती सांगता येत नव्हती, म्हणून शाळा उघडण्याच्या सुमाराची तारीख सगळ्यांना वाटली गेली. कागदावरचा १ जून खोटा असतो, पण आईने ठेवलेले 'बुध्या' हे नाव खरे असते. ज्या समाजाला आपण अडाणी म्हणत आलो, त्याने जन्माची नोंद ठेवली होती. ती वाचणे आपल्याला येत नव्हते.

ही रीत सातपुड्यापुरती नाही. वारली चित्रकलेला जगभर नेणारे डहाणू तालुक्यातील गंजाडचे जिव्या सोमा म्हसे यांना २०११ मध्ये पद्मश्री मिळाली. देशी बियाणे जपणाऱ्या अकोले तालुक्यातील कोंभाळणे गावच्या राहीबाई सोमा पोपेरे यांना २०२० चा पद्मश्री सन्मान जाहीर झाला. एका नावात वडिलांचा 'सोमा' आहे, दुसऱ्यात पतीचा. राष्ट्रपती भवनात ही नावे जशीच्या तशी पुकारली गेली. ती ओबडधोबड आहेत असे तिथे कोणाला वाटले नाही.

शास्त्रातल्या आयाही अशीच नावे ठेवतात. लेआचे दुःख आणि तिची आशा रऊबेनापासून यहूदापर्यंत तिच्या मुलांच्या नावांत वाचता येते (उत्पत्ती २९:३२-३५). देवाजवळ मागून घेतलेल्या मुलाचे नाव हन्ना शमुवेल ठेवते (१ शमुवेल १:२०). त्या घडीला घरात काय घडत होते, याची आठवण म्हणजे ते नाव. आपण ही नावे इतक्या वेळा वाचली आहेत की ती कोणा आईच्या तोंडून निघाली होती हे विसरलो आहोत.

२. आडनावात कुळ आणि रान

गडचिरोली, चंद्रपूर, यवतमाळकडच्या गोंड बांधवांची आडनावे घ्या : मरकाम, टेकाम, मडावी, आत्राम, उईके. गोंडीत 'मरका' म्हणजे आंबा आणि 'टेका' म्हणजे साग. आडनाव झाडाशी नाते सांगते. शिवाय प्रत्येक कुळ किती देवांचे आहे, चार, पाच, सहा की सात, हे ठरलेले असते आणि एकाच गटात सोयरीक होत नाही. दोन अनोळखी गोंड माणसे बाजारात भेटली, तर आडनाव कळताच आपण भाऊभाऊ की सोयरे हे त्यांना उमजते.

सातपुड्यात याच ठिकाणी मोठे नुकसान झाले. पावरा हे जमातीचे नाव, पण शाळेच्या रजिस्टरात गावेच्या गावे 'पावरा' आडनावाने नोंदली गेली. घरात आणि लग्नाच्या बोलणीत प्रत्येकाला आपले कुळ ठाऊक असते. कागदावर मात्र सगळे एकसारखे. एका तुकडीत तेच नाव, तेच वडिलांचे नाव आणि तेच आडनाव असलेली दोन मुले निघतात. मग एकाची शिष्यवृत्ती दुसऱ्याच्या खात्यावर गेली म्हणून पालक आपल्याकडे तक्रार घेऊन येतात. लिहिणाऱ्याच्या सोयीसाठी माणसांची नावे लहान केली की असे होते.

३. तेच नाव, दोन तोंडे

मराठीत नावापुढे 'या' लागला की दोन अर्थ निघतात. आई 'सोम्या' म्हणते तेव्हा त्यात माया असते. तालुक्याच्या दुकानातला माणूस साठ वर्षांच्या म्हाताऱ्याला 'ए सोम्या' म्हणतो तेव्हा तो त्याची जागा दाखवत असतो. त्याच दुकानात माझ्यासारखा सदरा घातलेला माणूस गेला की 'या साहेब' होते.

पुष्कळ आदिवासी तरुण स्वतःच आपली नावे बदलून घेतात, ते या दुसऱ्या तोंडामुळे. त्यांना आईच्या नावाची लाज वाटत नाही. त्या नावाने झालेल्या अपमानाचा त्यांना कंटाळा आलेला असतो. म्हणून आपल्या शिबिरांत, दवाखान्याच्या रांगेत, देणगीच्या वाटपात एक नियम पाळू या. वयाने मोठ्या माणसाला सोमाबाबा, बुधाभाऊ, मंगळीबाई अशी हाक मारायची. नाव त्यांचेच राहील, मान आपण द्यायचा. आपल्या प्रभूचे मेंढपाळाविषयीचे शिक्षण आठवा. तो आपल्या मेंढरांना एकेकाच्या नावाने हाक मारतो (योहान १०:३). त्यांची नावे त्याला माहीत आहेत, हीच तिथली मुख्य गोष्ट आहे.

४. जी नावे बदलायलाच हवीत

सर्व जुनी नावे जपावीत असे मी म्हणत नाही. आपल्या मराठी समाजात एक नाव आहे, नकुशा किंवा नकोशी. मुलगा हवा असताना पुन्हा मुलगी झाली, तेव्हा तिला हे नाव दिले जाते. शाळेत रोज हजेरी घेताना त्या मुलीला 'तू नको होतीस' असे ऐकावे लागते. ऑक्टोबर २०११ मध्ये सातारा जिल्ह्यात प्रशासनाने अशा २८५ मुलींसाठी समारंभ घेऊन त्यांना नवी नावे दिली. कित्येकींनी आपले नाव स्वतः निवडले. सातारा हा काही मागास रानातला जिल्हा नाही, साखर कारखान्यांचा आणि शाळा-महाविद्यालयांचा जिल्हा आहे. नावांवरून समाज ओळखायचा तर शिकलेल्या पठारानेही या आरशात पाहावे.

धोंडू, दगडू, केरबा ही नावे मात्र वेगळी. आधीची मुले दगावली, म्हणून या बाळाला कोणाची नजर लागू नये, मृत्यूने त्याला टाकाऊ समजून सोडून द्यावे, या भीतीने ती ठेवली गेली. नाव कुरूप असले तरी त्यामागे आईची धडपड आहे. नकोशी आणि धोंडू या दोन नावांतला फरक कळण्यासाठी नाव ठेवणाऱ्याला विचारावे लागते. वरवर पाहून तो कळत नाही.

उत्पत्ती ३५ मध्ये राहेल बाळंतपणात मरण पावते. जाता जाता ती बाळाचे नाव बेनओनी ठेवते, म्हणजे माझ्या दुःखाचा पुत्र. याकोब ते बदलून बन्यामीन ठेवतो, म्हणजे उजव्या हाताचा पुत्र. हा बदल कोणी केला ते पाहा. ज्याची बायको त्या वाटेवर गेली, ज्याला ते मूल वाढवायचे होते, त्या बापाने. आईच्या मरणाचे ओझे लेकराने जन्मभर वाहू नये, एवढाच त्याचा हेतू होता. दुःखाचे, तिरस्काराचे नाव बदलण्याचा अधिकार त्या घराला आहे आणि मोठे झाल्यावर त्या मुलाला आहे. आपण त्यांना साथ द्यावी.

५. दानीएलाचे दुसरे नाव

बाबेलच्या राजवाड्यात चार यहूदी तरुण आणले गेले. तिथल्या अधिकाऱ्याने पहिल्याच दिवसांत त्यांची नावे बदलली. दानीएलाचा बेल्टशस्सर झाला, हनन्या, मीशाएल आणि अजऱ्या यांचे शद्रख, मेशख आणि अबेद्नगो. त्यांच्या मूळ नावांत इस्राएलाच्या देवाचे नाव गुंफलेले होते. बेल्टशस्सर हे नाव आपल्या देवावरून दिले असे राजाच पुढे सांगतो (दानीएल ४:८). त्यांना राजाची भाषा शिकवायची, राजाचे अन्न द्यायचे आणि राजाचे नाव लावायचे, अशी ती व्यवस्था होती.

आता प्रामाणिकपणे उत्तर द्या. अग्नीच्या भट्टीतले तीन तरुण कोण, असे विचारले तर शब्बाथशाळेतले मूलही शद्रख, मेशख, अबेद्नगो असे धडाधड सांगते. त्यांच्या आयांनी ठेवलेली नावे आपल्यापैकी किती जणांना न बघता सांगता येतील? बाबेलच्या अधिकाऱ्याने दिलेली नावेच आपल्या तोंडी बसली आहेत.

हा पाठ एकदा शिकवत असताना मला ते प्रवेशाचे रजिस्टर आठवले आणि मी मध्येच थांबलो. मुलांचे शिक्षण, जेवण आणि नाव हे सारे मीही एकाच टेबलावर बसून ठरवले होते. माझा हेतू त्या अधिकाऱ्यासारखा नव्हता, पण माझ्या लेखणीने काम तेच केले होते.

त्या मुलाचे पुढे काय झाले? दहावीपर्यंत तो चांगला शिकला. आयटीआयच्या प्रवेशासाठी जात पडताळणीचा प्रश्न आला, तेव्हा शाळेच्या दाखल्यावर एक नाव आणि घरच्या शिधापत्रिकेवर दुसरे. जमातीचा पुरावा वडील-आजोबांच्या नोंदींवरून द्यायचा असतो. हा मुलगा त्याच बापाचा, हेच आधी सिद्ध करायचे होते. प्रतिज्ञापत्रे, राजपत्रातली जाहिरात, तालुक्याचे हेलपाटे. शाळा सोडल्यानंतर दाखल्यातले नाव दुरुस्त करणे फार अवघड जाते. त्याचे एक वर्ष वाया गेले आणि ते वर्ष त्याने गुजरातेत मजुरी केली.

मी त्याच्याबरोबर कचेऱ्यांत फिरलो. एकदा बसथांब्यावर मी त्याच्याकडे क्षमा मागितली. तो म्हणाला, "सर, नाव वाईट नाही. पण आईने कधी त्या नावाने हाक मारली नाही." एवढेच बोलला आणि बस आली.

६. पहिल्या मंडळीची रीत

"पण ख्रिस्तात आल्यावर नवे नाव नको का?" असे काही बांधव विचारतात. प्रश्न मनापासूनचा आहे, म्हणून शास्त्रातच पाहू.

रोमकरांस पत्राच्या १६ व्या अध्यायात पौल कितीतरी जणांना नावानिशी सलाम सांगतो. आरंभी किंख्रिया येथील मंडळीची सेविका फिबी आहे. तिचे नाव ग्रीकांच्या जुन्या चंद्रदेवतेशी जोडलेले. पुढे हर्मेस नावाचा बंधू आहे, ते तर सरळ ग्रीक देवाचेच नाव. शास्त्रात प्रवीण असलेला अपुल्लो अपोलो देवाच्या नावावरून, आणि पौलाचा सहकारी एपफ्रदीत अफ्रोदिती देवीच्या नावावरून. यांतल्या कोणालाही प्रेषितांनी 'आधी नाव बदल' असे सांगितल्याचे दिसत नाही. त्याच नावांनी ते देवाच्या वचनात कायमचे लिहिले गेले.

'शौलाचा पौल झाला' असे आपण सहज म्हणतो. पण प्रेषितांची कृत्ये १३:९ नीट वाचा. त्याला पौलही म्हणत असत, एवढेच तिथे आहे. दिमिष्काच्या वाटेवर प्रभूने त्याला हाक मारली ती शौल या नावानेच.

शास्त्रात देव काही जणांना नवे नाव देतो, अब्राहामाला, साराला, याकोबाला, पेत्राला. तिथे नाव देणारा देव आहे आणि नावाबरोबर वचनही आहे. प्रकटीकरण २:१७ मधले नवे नावही प्रभूच देणार आहे. ते काम वसतिगृहाच्या कारकुनावर त्याने सोपवलेले नाही.

आपल्या महाराष्ट्रातही उदाहरण आहे. नारायण वामन टिळक यांनी १८९५ मध्ये बाप्तिस्मा घेतला आणि ते नारायण वामनच राहिले. लक्ष्मीबाई लक्ष्मीबाईच राहिल्या. दर रविवारी आपण त्यांची गीते गातो आणि त्या नावांमुळे आपल्या भक्तीत काही उणे पडत नाही. ब्राह्मण घरातून आलेल्या नारायणाला जो मान आपण दिला, तोच डोंगरातून आलेल्या बुध्याला देताना हात का आखडावा?

एखाद्याला स्वतःच्या श्रद्धेने शास्त्रातले नाव घ्यावेसे वाटले तर ते आनंदाने द्यावे. निर्णय त्याचा असावा आणि घरच्यांना तो ठाऊक असावा.

७. आपण काय करू शकतो

आपल्या केंद्रांत काम करणाऱ्या आणि मुले दत्तक-पालकत्वाने सांभाळणाऱ्या सर्वांसाठी काही सूचना :

• मुलाचे नाव आईवडिलांना विचारून, त्यांच्या उच्चाराप्रमाणे लिहावे. नावाचा अर्थही विचारावा. पालक त्यावर मोकळेपणी बोलतात आणि ओळख तिथून सुरू होते.

• जन्माची नोंद २१ दिवसांच्या आत करावी. नाव ठरले नसेल तरी नोंद थांबवू नये. नावाशिवाय नोंद होते आणि १२ महिन्यांपर्यंत विनाशुल्क नाव घालता येते, त्यानंतर १५ वर्षांपर्यंत शुल्क भरून.

• १ ऑक्टोबर २०२३ पासून जन्मलेल्यांसाठी शाळाप्रवेशापासून पुढच्या अनेक कामांना जन्मदाखलाच मुख्य पुरावा आहे. त्यावरचे नाव, शिधापत्रिका, आधार आणि शाळेचे रजिस्टर यांत एकच अक्षररूप असावे.

• १ मे २०२४ पासून जन्मलेल्या बालकाचे नाव महाराष्ट्रात शासकीय कागदपत्रांवर मुलाचे नाव, आईचे नाव, वडिलांचे नाव, आडनाव या क्रमाने लिहायचे आहे. आईचे नाव विचारताना 'अमक्याची बायको' एवढ्यावर थांबू नये. पाड्यावरच्या कित्येक आयांचे नाव मुलाच्या नावाशेजारी पहिल्यांदाच लिहिले जाते आहे.

• देणगीदारांना पाठवायच्या पत्रांत मुलाचे नाव सोपे किंवा गोड करून लिहू नये. प्रार्थना करणाऱ्याला अवघड नावही शिकता येते.

शेवटची एक गोष्ट. तो मुलगा आता सत्तावीस वर्षांचा आहे, कामाला लागला आहे. गेल्या थंडीत त्याला मुलगी झाली आणि त्याने मला प्रार्थनेसाठी घरी बोलावले. जाताना सवयीने मी शास्त्रातल्या पाच-सहा नावांची चिठ्ठी खिशात ठेवली होती. आजीने नात मांडीवर घेतली आणि सांगितले, "शनिवारी आली. थावरी." मुलाच्या बापाने माझ्याकडे पाहिले. मी विचारले, "दाखल्यावर काय लिहायचे?" तो म्हणाला, "हेच." चिठ्ठी खिशातच राहिली. मी त्या नावाने देवाचे आभार मानले.

दाखल्यावर वडिलांच्या जागी मात्र मी वीस वर्षांपूर्वी लिहिलेलेच नाव आहे. सगळी गुणपत्रके त्याच नावावर असल्याने शेवटी तेच कायम ठेवावे लागले.

मनन व चर्चेसाठी प्रश्न

१. तुमचे नाव कोणी ठेवले आणि का? घरातल्या वडीलधाऱ्यांना विचारून पुढच्या सभेत सांगा.

२. रूथ १:१९-२१ वाचा. नामी स्वतःला मारा म्हणवून घ्यायला सांगते. शेजारणी पुढे तिला कोणत्या नावाने संबोधतात ते ४:१७ मध्ये पाहा. आपल्या मंडळीत दुःखी माणसाला आपण काय म्हणून हाक मारतो?

३. तुमच्या गावात नावावरून कोणाची थट्टा होते का? ती थांबवण्यासाठी मंडळी काय करू शकते?

प्रार्थना

हे पित्या, तू प्रत्येकाला नावाने ओळखतोस. जी नावे आम्ही न ऐकता बदलली, चुकीची लिहिली किंवा तुच्छतेने उच्चारली, त्यांबद्दल आम्हांला क्षमा कर. नकोशी म्हटल्या गेलेल्या प्रत्येक लेकीला ती तुला हवी आहे हे कळू दे. डोंगरपाड्यावरच्या तुझ्या लेकरांचे नीट ऐकण्यास आम्हांला शिकव. येशूच्या नावाने मागतो. आमेन.